बंद तसबिरीतला चेहरा

खिळा

तर घराच्या मधल्या खोलीत एक खिळा होता, खिळ्यावर तसबीर होती आणि तसबिरीखाली चंद्रकलेचं अंथरूण होतं.

तसबीर रुखमेची. रुखमा म्हणजे घनश्यामची पहिली बायको, दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेली. चंद्रकला दुसरी. मागच्या वैशाखात ती लाखांदूरकडून लग्न होऊन पवनीजवळच्या या गावात आली, आणि आल्या दिवशीच तिला कळलं की या घरात आपण दोघी आहोत. एकीनं राबायचं, दुसरीनं भिंतीवरून बघायचं. चंद्रकला त्या खोलीत मान खाली घालूनच वावरायची. इतक्या महिन्यांत तिनं रुखमेच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता.

फक्त एकदा, चुलीपाशी भात उपसता उपसता, तिच्या मनात येऊन गेलं होतं: ही बाई जाईना का इथून.

बस, एवढंच. तेही मनातल्या मनात. आणि मग पौषात, रुखमेच्या तिथीच्या सकाळी

चौकट

भैय्यालालच्या हातातला झेंडूचा हार हवेतच थांबला.

भैय्यालाल हा रुखमेचा धाकटा भाऊ. वरठीला स्टेशनाजवळ त्याचं सायकलींचं दुकान होतं. बहिणीच्या तिथीसाठी तो भल्या सकाळी मोटारसायकल दामटत आला होता, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच या तसबिरीसमोर उभा राहिला होता.

"हे कोणी केलं?" तो म्हणाला.

चौकट जागच्या जागी होती. साडीचा हिरवा रंग, गळ्यातली पोत, डोक्यावरचा पदर, सगळं जागच्या जागी. पण पदराच्या आत चेहरा नव्हता. नाक नाही, ओठ नाहीत, कपाळावरची कुंकवाची चिरी नाही. ओल येऊन वाळलेल्या भिंतीवर असतो तसा एक तांबूस डाग, आणि डागावर धुकं.

"काय झालं रे बाप्पा?" म्हणत शकुनबाई आल्या. घनश्यामची आई. नुकतीच पूजा आटोपलेली, खांद्यावर कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, फडका. त्यांचा एक डोळा गेलेला, दुसऱ्यावर पडदा येत चाललेला. त्यांनी तसबिरीला नाक टेकवलं, डाव्या-उजव्या बाजूनं पाहिलं आणि धपकन खाली बसल्या.

"पुसली! माह्या रुखमेले पुसली कोणी!"

घनश्याम अंगणातल्या धानगिरणीवरून धावत आला, डोक्यावर कोंडा घेऊनच. त्यानं पाहिलं. तो माणसांपेक्षा गिरणीशी जास्त बोलणारा माणूस होता.

"घरात माणसं तीन," भैय्यालाल म्हणाला. "मावशी तं तिले पोटच्या पोरीसारखी पाहे. भाऊजीनं तं स्वतः हे चित्र काढून घेतलं. मंग राह्यलं कोण?"

सगळे एकाच दिशेला वळले.

"म्या हात नाही लावला," चंद्रकला म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच खरा वाटला नाही.

"मंग कोणी लावला? उंदरानं?"

"नाही लावला जी."

"भाऊजी, दुपारच्या लाखांदूर एस्टीनं इले माहेरी धाडा. अन् मंग आणाले जाऊ नका. नाहीतर आजपासून या घराचं पाणी मले चालत नाही."

शकुनबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चंद्रकलेला तेच जास्त लागलं. घनश्यामनं डोक्यावरचा कोंडा झटकला आणि म्हणाला, "आधी श्यामराव गुरुजीले आणतो. त्यायनं काढलं होतं. दुरुस्त होत असन तं पाहू."

नवरा दुसरं काही म्हणेल, अशी आशा तिनं केली होती. तिनं पलंगाखालून आपली हिरवी पेटी ओढली आणि लुगडी भरायला लागली. भरण्यासारखं फार नव्हतंच. कुलूप लावायच्या आधीच भैय्यालालनं ती उचलून मोटारसायकलला बांधली.

पाठ

श्यामराव गुरुजी पवनीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. अंगात कोट, गालात सुपारी, नखांत कधीच न जाणारा रंग. घनश्यामच्या सायकलवर मागे बसून आले, आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, "आधी कोणी रडू नका. रडणाऱ्या घरात मले नीट दिसत नाही."

त्यांनी तसबीर खिळ्यावरून उतरवली, ओसरीच्या उजेडात नेली. पुढून पाहिली. दर्शनी बाजूला धानाची तुसं चिकटली होती. त्यांनी फुंकर मारली, तुसं हलली नाहीत. पुन्हा मारली.

"चिवट दिसतात," ते म्हणाले, आणि तसबीर उलटी केली.

चंद्रकला दाराआड उभी होती. पेटीचं कडीकुलूप हातात तसंच.

पाठीला वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला होता. त्यावर एशियाड खेळांचा अप्पू हत्ती, सोंड वर करून नाचणारा.

"हा हत्ती कोणी डकवला?"

"म्या," भैय्यालाल म्हणाला. "दिवाळीले आलो तवा काच तडकली होती. मीच वरठीले नेली, नवीन करून आणली. दुकानदारानं माह्या समोर हा कागद मैद्याच्या खळीनं चिकटवला."

गुरुजींनी हत्तीवरून बोट फिरवलं. सोंडेपासून शेपटीपर्यंत. चारही कडा. मग म्हणाले, "कुठं चीर नाही. कुठं सुटला नाही. नवी खळ नाही. म्हणजे दिवाळीपासून ही तसबीर कोणी उघडली नाही. अन् उघडल्याबिगर आतल्या चित्राले हात लागत नाही. सूनबाईनं पुसलं नाही, घनश्याम. कोणीच पुसलं नाही."

दाराआड चंद्रकलेनं श्वास सोडला. अर्धाच सोडला होता, तोवर

करणी

"मंग हे हातानं झालंच नाही," भैय्यालाल म्हणाला.

शेजारची कुंताबाई ताक मागायला म्हणून आली होती आणि ओसरीच्या कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला. "बाप्पा! बंद तसबिरीतला चेहरा नेला!" आणि ताक न घेताच उठली. ती आता कुठल्या कुठल्या अंगणात थांबेल, हे सगळ्यांना माहीत होतं.

दाराआड चंद्रकलेनं पेटीचं कुलूप घट्ट धरलं. पुसलं म्हणून माहेरी धाडलेली बाई निदान माहेरी तरी पोचते. करणी केली म्हणून नाव निघालेल्या बाईला माहेरही घरात घेत नाही. आणि वर हेही होतं, जे तिला एकटीलाच ठाऊक होतं: ही बाई जाईना का, असं ती म्हणाली होती. बोलली नव्हती, पण म्हणाली होती. आणि बाई गेली.

गुरुजींनी सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"म्या सोडवाले आलो अन् गाठ पक्की करून बसलो," ते म्हणाले. "घनश्याम, चहा टाकाले सांग. एकेकाशी बोलतो."

ओसरीवर, चहाबरोबर

आधी भैय्यालाल.

"तुमचाच रंग कच्चा असन, गुरुजी."

"असू शकते. ऐकून घे. माह्या चित्राले दोन थर. खाली पाण्याचे रंग, ते कागदात मुरते. एकदा वाळले का कागद फाटन, पण रंग निघत नाही. त्याच्यावर खडू. खडू म्हणजे नुसती रंगीत पूड, जाड कागदाच्या खरबरीत अंगात अडकून बसलेली. बोट फिरवलं का बोटाले येते. म्हणून त्याले काच लागते. तुह्या बहिणीचा जो चेहरा तुम्ही पाहत होते तो सारा खडूचा."

"मोटारसायकलवर हादरला असन?"

"थोडा झडला असन. पण झडला असता तं पूड खाली पडली असती, चौकटीच्या तळाले. तिथं चिमूटभरबी नाही. अन् साडी काहून नाही झडली? काच चांगली बसवली होती ना?"

"काच नाही, पिलास्टिक आहे. दुकानदार म्हणे, मोटारसायकलवर काच नेशीन तं तुकडे घेऊन पोचशीन. पहा ना, काचेपेक्षा साफ दिसते."

"हं," गुरुजी म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

मग घनश्याम.

"रोज पाहतोस ना तसबीर?"

"रोजच जी."

"कपाळावर टिकली कोणत्या रंगाची होती?"

"लाल."

"टिकली नव्हतीच. चिरी होती. तुह्या आईनं सांगितली, म्या काढली."

घनश्यामनं अंगणातल्या कोंड्याच्या ढिगाकडे मान वळवली. "पाहवत नाही, गुरुजी," तो म्हणाला. "तिच्याकडे पाहिलं का हिच्याशी बोलवत नाही. हिच्याशी बोललो का तिच्याकडे पाहवत नाही."

दाराआड चंद्रकलेच्या हातातलं कुलूप गार पडलं होतं. हे तिला नवऱ्यानं कधी सांगितलं नव्हतं. सांगायला एक तसबीर पुसली जावी लागली.

मग शकुनबाई.

"माय, तसबिरीची साफसफाई कोण करते?"

"मीच. दुसऱ्याचा हात लावू देत नाही. सकाळी न्हाऊन, देवाचे फोटो पुसले का तिले पुसते. या कोशाच्या फडक्यानं." त्यांनी खांद्यावरचा फडका दाखवला. पूजेचं जुनं लुगडं फाटल्यावर त्याचाच काढून ठेवलेला, पिवळट, मऊ. "कोसा विटाळत नाही ना. सुताचं फडकं कोण कुठं शिवन, काय सांगता येते?"

"दिसते का पुसताना?"

"हाताले दिसते. गालावरून फिरवते, कपाळावरून फिरवते. पोरीले न्हाऊ घातल्यावर पुसतो ना, तसं."

"रोज?"

"मनात आलं तं संध्याकाळीबी. अन् गुरुजी, देवाचे फोटो म्या तसेच पुसले. देवाचं नाही काही गेलं. मंग माह्या रुखमेचंच काहून?"

घरातल्या तिघांनी जे पाहायला हवं होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं, हे मात्र एव्हाना उघड झालं होतं. एकीला दिसत नव्हतं, एकाला पाहवत नव्हतं. आणि तिसरी?

"सूनबाई, ये. दाराआडून सारं ऐकलं आहेस, आता सांग."

पदर

चंद्रकला उंबरठ्यावर बसली. तिच्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट होती, आणि ती सांगितली तर आपण संपलो, हेही तिला कळत होतं. गप्प राहिलं तर दुपारची एस्टी. बोललं तर काय, कोण जाणे.

"म्या तिच्याकडे कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "भेव लागे."

"कायचं?"

भैय्यालाल भिंतीला टेकून उभा. शकुनबाई फडक्याचं टोक पिळत बसलेल्या.

"ते... मले ओढे."

"कोण ओढे?"

"थेच. थंडी पडली तवापासून. सकाळी आत्याबाईची पूजा झाली का मी खोली झाडाले जाओ. तसबिरीजवळून गेली का हातावरचे केस उभे राहत. गालाले कोळिष्टक लागल्यावानी होये. अन् पदर," तिनं अंगावरच्या नायलॉनच्या साडीचा पदर हातात धरला, "पदर आपोआप उठून तिच्याकडे जाये. चिकटून बसे. सोडवाले गेली का चट् असा आवाज."

शकुनबाईंनी फडक्याचं टोक सोडलं.

"ऐकलं?" भैय्यालाल हळूच म्हणाला. "ऐकलं का, भाऊजी? पदर धरते म्हणून राह्यली. माही बहीण तिचा पदर धरते."

आणि श्यामराव गुरुजी हसले. आधी नाकातून, मग पोटातून. सुपारी बाहेर पडायची म्हणून तोंडावर हात धरला तरी हसत राहिले. चंद्रकलेला वाटलं, झालं, आता हेही गेले.

"पोरी," ते डोळे पुसत म्हणाले, "हे तू सकाळीच सांगितलं असतं तं म्या चहा प्याल्याबिगर घरी गेलो असतो! घनश्याम, ताटलीभर कोंडा आण. माय, तुमचा फडका द्या."

कोंडा

ओसरीच्या मधोमध ताटली. ताटलीत कोंडा, वर थोडं तूस. पौषातली कोरडी हवा, सगळ्यांचे ओठ फुटलेले.

गुरुजींनी आधी देवघरातला काचेचा फोटो मागवला. काचेवर कोशाचा फडका खसाखसा घासला आणि फोटो पालथा करून ताटलीवर धरला. दोन-चार तुसं हलली, उठली, लगेच पडली.

मग रुखमेची तसबीर घेतली. त्या प्लॅस्टिकवर तसाच फडका घासला, शकुनबाई घासतात तसा, चेहऱ्याच्या जागी जास्त. पालथी करून ताटलीवर धरली.

कोंडा उठला. सगळाच्या सगळा, एकदम, जसा काही खालून कुणी फुंकला. प्लॅस्टिकला जाऊन चिकटला आणि तिथंच राहिला. गुरुजींनी तसबीर हलवली तरी पडला नाही. आणि चिकटला तो बरोबर चेहऱ्याच्या जागी.

शकुनबाईंना दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, आणि हाताला तो कोंड्याचा चेहरा लागला.

"घासल्यावर ओढाची ताकद येते त्याच्यात," गुरुजी म्हणाले. "काच धरते अन् सोडते. पिलास्टिक धरून बसते. कोसा असला, हवा कोरडी असली, तं जास्तच. बाहेरून कोंडा ओढते, पदर ओढते. मंग आतून?"

"खडू," घनश्याम म्हणाला.

"आतून खडू. देवाचे फोटो छापील, त्यायले सुटाले काही नव्हतं. अन् वर काच. हे चित्र खडूचं, अन् वर पिलास्टिक. दिवाळीपासून रोज सकाळी कणकण करून चेहरा कागदावरून उठला अन् पिलास्टिकले जाऊन बसला. साडी काहून राह्यली? साडीवरून माय असा हात फिरवत नव्हती. जिथं माया जास्त, तिथं घासणं जास्त."

भैय्यालाल भिंतीवरून घसरत खाली बसला. "पिलास्टिक म्या आणलं," तो म्हणाला.

"अन् फडका माहा," शकुनबाई म्हणाल्या.

चंद्रकलेला रडू आलं, पण ते कसलं रडू हे तिला कळेना. तिनं मनात म्हटलेल्या वाक्याला या सगळ्यात कुठेच जागा नव्हती. कोंडा होता, कोसा होता, हवा होती. ती नव्हती. मनातल्या एका वाक्यानं कुणाचा चेहरा जात नाही, हे तिला ताटलीभर कोंड्यानं दाखवलं होतं. तिनं आत जाऊन पोटभर पाणी प्यायलं. सकाळपासून ते राहूनच गेलं होतं.

बाहेरून शकुनबाईंचा आवाज आला. "पण चेहरा तं गेलाच ना, गुरुजी? कोणी नेला ते कळून काय करू? एकच होता."

पाणी

गुरुजींनी चाकूनं अप्पू हत्ती कडेकडेनं कापला, खिळे काढले आणि प्लॅस्टिक अलगद उचललं. आतल्या बाजूला चेहरा होता. उलटा, पुसट, पिठीसारखा: गोरा रंग, धारदार नाक, खाली झुकलेले डोळे. भैय्यालालनं बोट पुढे केलं, आणि बोट लावायच्या आधीच मागे घेतलं.

"हा आपण केलेला चेहरा," गुरुजी म्हणाले. "आठवते का? माय म्हणाली, जरा उजळ करा. तू म्हणालास, भैय्यालाल, नाक सरळ करा. घनश्याम म्हणाला, डोळे खाली ठेवा. तुमच्या सांगण्यावर म्या खडू चढवत गेलो."

मग त्यांनी कागद उजेडात धरला.

प्लॅस्टिकमागून जो ओलीचा डाग वाटत होता, तो डाग नव्हता. धुकं उठलं होतं. तांबूस, मातकट पाण्याच्या रंगांत एक सावळी बाई बसली होती. डोळ्यांवर ऊन आल्यानं एक डोळा बारीक केलेला, आणि तोंड उघडून हसत होती. पुढच्या दोन दातांत चांगली फट.

"रुखमा जिवंत होती तवा एकदा खळ्यावर धान पाखडत बसली होती. म्या म्हटलं, बस थोडी, रंगवतो. ती म्हणे, गुरुजी, मले हसू येते. म्या म्हटलं, येऊ दे. पाण्याचा थर झाला अन् दिवस कलला. पुढं ती गेली. तुम्ही चित्र मागाले आले तवा म्या हाच कागद घेतला, याच्यावरच खडू लावला."

शकुनबाईंनी कागद अगदी डोळ्याशी नेला. त्या डोळ्याच्या उजव्या कोपऱ्यातून पाहत होत्या, जिथून त्यांना अजून थोडं दिसायचं.

"दात," त्या म्हणाल्या. "पहा ना, भैय्यालाल, तिचे दात! अशीच हसे, मेली. पाहुणे असले तरी." आणि रडता रडता त्याच हसायला लागल्या.

"सांगाल तं आठ दिवसांत परत खडू चढवून देतो," गुरुजी म्हणाले. "होता तसा."

"कायले?" भैय्यालाल म्हणाला. "म्या नाक सरळ कराले लावलं, अन् ती खाली अशी हसून राह्यली होती." त्यानं नाक शिंकरलं आणि अंगणात गेला. त्याच्या मोटारसायकलला मागे चंद्रकलेची हिरवी पेटी आधीच बांधून ठेवली होती, एस्टीपर्यंत पोचवायला. तो दोरी सोडायला लागला. गाठ त्यानंच मारलेली, पक्की, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. पेटी उचलून त्यानं आत आणली, होती तिथं पलंगाखाली सरकवली आणि चंद्रकलेकडे न पाहता म्हणाला, "वहिनी, जेवाले थांबलो तं वाढसान का?"

"भात टाकतेच आहे," ती म्हणाली.

कुंताबाई दारात उगवली. मागे दोघी-तिघी होत्या.

"ये ये," शकुनबाई म्हणाल्या. "सकाळचं सांगून आलीस ना साऱ्या गावाले? आता बस, कोंड्याचा खेळ पाह्य, अन् त्याच घरांत परत जाऊन हेही सांग. ताक मंग भेटन."

खिळा

गुरुजींनी बजावलं: "खडू साडीवर अजून आहे. तेव्हा काच. खरी काच. अन् मोटारसायकलवर नाही, पायी आणा." घनश्याम त्याच पावली पवनीला निघाला.

काच बसली. शकुनबाईंनी तसबीर छातीशी धरली आणि मधल्या खोलीकडे वळल्या. उंबरठ्यावर थांबल्या.

"चंद्रकला."

"आली, आत्याबाई."

"हे घे. खिळा कुठं ठोकाचा, तू सांग. अन् उद्यापासून तूच पुसत जाय. सुताच्या फडक्यानं. माह्या हाताचा आता भरवसा नाही."

चंद्रकलेनं तसबीर घेतली. दोन्ही हातांत धरल्यावर तिच्याकडे पाहण्यावाचून इलाज नव्हता. तिनं पाहिलं. डोळा बारीक करून ती बाई हसतच होती. चंद्रकलेला म्हणून नव्हे, कुणालाच म्हणून नव्हे, उन्हाला म्हणून. केस उभे राहिले नाहीत. पदर जागचा हलला नाही.

"ओसरीवर," ती म्हणाली. "खळं दिसन असं."

घनश्यामनं खिळा ठोकला. तसबीर थोडी वाकडी बसली. चंद्रकलेनं पुढे होऊन ती सरळ केली.

लाखांदूरची एस्टी रस्त्यानं धूळ उडवत गेली तेव्हा ती चुलीपाशी भात उपसत होती. दारातून ओसरीची भिंत दिसत होती. राहीना का, तिच्या मनात आलं. आणि तिनं ताटं मांडायला घेतली.